रीफ टँकचा रिटर्न पंप बदलायचाय, कोणता घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या रीफ टँकचा (कोरलची खाऱ्या पाण्याची टाकी) रिटर्न पंप, म्हणजे खालच्या टाकीतलं पाणी परत वर पाठवणारा पंप, शेवटच्या घटका मोजतोय आणि नवा कोणता घ्यावा यावर चार दिवस माझं काही ठरत नाहीये. ज्यांनी असा पंप बदललाय त्यांनी कृपया सांगा.

आधी माहिती देते. मुख्य टाकी १२० × ५० × ५५ सेंमी, दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण २७० लिटर. खाली कपाटात संप (गाळणीची खालची टाकी), चालू असताना त्यात ७० लिटरच्या आसपास पाणी: फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), आणि शेवटच्या कप्प्यात रिटर्न पंप. ओव्हरफ्लोला (जिथून वरचं पाणी संपमध्ये उतरतं) दोन पाइप आहेत. एक पूर्ण भरून वाहतो, त्याला गेट व्हॉल्व्ह लावलाय; दुसरा आणीबाणीसाठी मोकळा ठेवलाय. टाकीच्या आत दोन वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारे पंखे) आहेत. क्षारता ३५ पीपीटी (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ), तापमान २५-२६ अंश. टाकीला चार वर्षं झाली. हॅमर कोरल आणलं तेव्हा दोन फांद्या होत्या, आज अकरा आहेत. ते गमवायची कल्पनाही करवत नाही, म्हणून घाईघाईत काही उचलून आणायचं नाहीये.

दोन आठवड्यांपासून पंप घरघरतोय. वीज जाऊन आली की नुसता गुणगुणतो, फिरत नाही. बाहेरून दोनदा टकटक केलं की सुरू होतो. काल उघडला. रोटर (पंपाचा फिरणारा, चुंबक असलेला भाग) व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवला, पांढरा थर सुटला, पण चुंबकाच्या कडेला आवरणावर नखाएवढी चीर दिसली. टिश्यूवर टेकवला तर तपकिरी चंद्रकोर उमटली. आतून गंजतोय. सिरॅमिकचा शाफ्ट शाबूत आहे, पण शाफ्टला आधार देणारं खालचं रबरी बुश एका बाजूने झिजून लांबट झालंय. या मॉडेलचा सुटा रोटर आता मिळत नाही.

जुन्या पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलंय. मी रिटर्नच्या तोंडाला बादली धरून मोजलं: १० लिटर भरायला ३१ सेकंद, म्हणजे ताशी जेमतेम ११६० लिटर. नवा असताना कधी मोजलं नव्हतं, त्यामुळे किती घट झाली ते कळायला मार्ग नाही. पंपाच्या तळापासून वरच्या रिटर्नपर्यंत १.६५ मीटर भरतात. पाइप आतून २० मिमी, वाटेत पाच एल्बो (काटकोनी वळणाचे जोड).

तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण मला ब्रँडचा कौल नकोय, हिशेब समजून घ्यायचाय. पहिला साधा एसी पंप: ताशी २७०० लिटर, कमाल हेड (पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच चढवतो ते) ३ मीटर, ४५ वॅट. दुसरा मोठा एसी: ५००० लिटर, ३.५ मीटर, ८५ वॅट. जास्त वाटला तर व्हॉल्व्हने आवळता येईल असा विचार. तिसरा २४ व्होल्टचा डीसी, कंट्रोलरसह: ४००० लिटर, ३ मीटर, ४० वॅट. तो ७० टक्क्यांवर चालवला तर आवाजही कमी आणि वीजही कमी, असं वाचलं. मन तिसऱ्याकडे झुकतंय. त्यात काही चूक होतेय का? आणि नवा पंप येईपर्यंत हा गंजका चालू ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: चालू ठेवू नका, आजच बाहेर काढा. गंज म्हणजे लोह, ते तांब्याइतकं घातक नाही, पण चीर पडलेलं चुंबक फुगत जातं आणि एक दिवस रोटर जागीच अडकतो. ते बहुधा रात्रीच होतं. कार्बनची पिशवी लावा, २० टक्के पाणी बदला, आणि गोगलगायी व कोळंबी यांच्यावर लक्ष ठेवा. बिघडलं तर आधी तिथे दिसतं.

मधल्या काळात एक गोष्ट विसरू नका. हीटर संपमध्ये असेल तर तो वरच्या टाकीत हलवा. रिटर्न बंद असताना संपमधला हीटर फक्त ते ७० लिटरच तापवत बसतो आणि वर कोरल गारठतात. वेव्हमेकर चालू आहेत तोवर प्राणवायूची फार काळजी नाही. त्यातला एक पृष्ठभागाकडे वळवा, पाणी चांगलं डहुळलं पाहिजे. छोटा कुठलाही पंप पडून असेल तर तो लावून थोडं तरी पाणी फिरतं ठेवा, म्हणजे स्किमरला काम मिळेल.

प्रतिसाद २

आकडे मोजून लिहिलेत म्हणून उत्तर देणं सोपं झालं, नाहीतर बहुतेक धाग्यांवर "पंप कोणता चांगला" एवढंच असतं.

पहिली दुरुस्ती उंचीची. उभं अंतर पंपाच्या तळापासून धरायचं नाही. संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत धरायचं. पंप पाण्यात किती खोल बुडालाय याने फरक पडत नाही, कारण वरचं पाणी तेवढाच दाब देतं. तुमच्या शेवटच्या कप्प्यात २० सेंमी पाणी असेल तर खरं अंतर १.४५ मीटर.

त्यावर पाइपमधल्या घर्षणाची भर पडते, आणि तुमच्याकडे खरी मेख तिथे आहे. ताशी १५०० लिटर पाणी २० मिमीच्या पाइपातून सेकंदाला सुमारे १.३ मीटर वेगाने जातं. दोन मीटर पाइप आणि पाच एल्बो धरले तर घर्षणातच साधारण पाऊण मीटर हेड जातं. तोच पाइप आतून २५ मिमीचा केला तर पाव मीटरच्या थोडं वर. म्हणजे पंपाला २.२ मीटर चढायचं की १.७५, हे तुमचा पाइप ठरवणार. पंपाच्या आधी पाइप बदला. पाचातले दोन एल्बो काढून तिथे मऊ सिलिकॉनची नळी वळवून घेता आली तर आणखी बरं, कंपनाचा आवाजही कपाटाला लागत नाही.

आता डीसीकडे. वेग कमी केला की पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, पण हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. ३ मीटरचा पंप ७० टक्के वेगावर चालवला तर त्याचं कमाल हेड ३ × ०.४९, म्हणजे १.४७ मीटर उरतं. तुमचं उभं अंतरच १.४५ आहे. पंप फिरेल, आवाज अजिबात येणार नाही, आणि वर पाणीही जवळपास येणार नाही. कंट्रोलरवरचे ७० टक्के म्हणजे नक्की वेगाचे की विजेचे हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, पण दिशा हीच. डीसी घ्यायचाच असेल तर कमाल हेड साडेचार मीटरच्या आसपासचं बघा, मग ७० टक्क्यांवरही २.२ मीटर हातात राहतात.

मोठा एसी घेऊन आवळायचा विचार मी तरी करणार नाही. व्हॉल्व्ह बाहेर जाणाऱ्या बाजूला लावला तर पंपाला इजा होत नाही (आत येणारं पाणी मात्र कधीही आवळायचं नाही), पण ८५ वॅटमधला बहुतांश भाग उष्णता होऊन तुमच्याच पाण्यात उतरतो. उन्हाळ्यात तापमान २६ वर धरताना तो जाणवेल. शिवाय दुसरा प्रश्न खालच्या बाजूचा: तुमचा ओव्हरफ्लो तेवढं पाणी घेईल का, हे कुणी तपासलंय? आणीबाणीचा पाइप रोज वाहायला लागला तर तो आणीबाणीचा उरत नाही.

किती पाणी हवं? टाकीतल्या पाण्याच्या तीन ते पाच पट पाणी तासाला संपमधून फिरलं की रीफला पुरतं. प्रवाहाचं बाकी काम वेव्हमेकरचं. २७० लिटरला १२०० ते १४०० भरपूर झाले. पूर्वी दहा पट सांगायचे, तेव्हा आजच्यासारखे वेव्हमेकर नव्हते. मी पहिला पर्याय घेईन, २५ मिमी पाइपसह. त्याचा फ्लो कर्व्ह (कोणत्या उंचीला किती पाणी, याचा आलेख) मिळवा आणि १.७५ मीटरवर तो किती देतो तेवढंच वाचा. खोक्यावरचे २७०० हे शून्य उंचीचे असतात.

प्रतिसाद ३

वरच्याशी सहमत, फक्त डीसीची बाजू थोडी मांडतो. आवाज खरोखर कमी असतो, सुरुवात हळुवार होते, खाणं घालताना दहा मिनिटं थांबवायचं बटण असतं, आणि वीज गेली तर बॅटरीवर चालवणं सोपं. पण बिघडतो तो बहुधा पंप नव्हे, कंट्रोलर किंवा अडॅप्टर. तो कपाटात संपच्या वर, खारट वाफेत टांगलेला असतो. डीसी घेतलात तर कंट्रोलर कपाटाच्या बाहेर लावा आणि वायरला प्लगच्या खाली एक झोल ठेवा, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत पोचणार नाही.

कुठलाही घेतलात तरी सुटा रोटर आणि बुश मिळतात का ते आधी विचारा. मिळत असेल तर पंपाबरोबरच एक रोटर घेऊन ठेवा. मी तरी आता याच एका निकषावर पंप निवडतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ७० टक्क्यांचा हिशेब वाचून अक्षरशः थांबले, कारण मी तो पंप कार्टमध्ये टाकून ठेवला होता.

गंजका पंप काल रात्रीच काढला, हीटर वर घेतला, आणि पाणी बदलायचा एक छोटा पंप तात्पुरता बसवलाय. कोळंबी नेहमीसारखी दगडावर येऊन हाताला लागतेय. पहिला पर्याय नक्की केला, सोबत रोटर आणि बुश. पाइप २५ मिमीचा करतेय, एल्बो तीनच ठेवणार, आणि पंपाजवळ युनियन (हाताने सोडवता येणारा जोड), म्हणजे दर तीन महिन्यांनी साफ करायला काढता येईल.

एक शंका अजून. वीज गेल्यावर रिटर्नमधून पाणी उलटं खाली येतं. रिटर्नचं तोंड पाण्याखाली ४ सेंमी आहे. चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवू का?

प्रतिसाद २

१२० × ५० × ४ म्हणजे २४ लिटर, शिवाय पाइपातलं थोडं. चेक व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका. त्याच्या झडपेवर एक गोगलगाय किंवा चुन्याचा कण बसला की तो पूर्ण बंद होत नाही. तोंड पृष्ठभागापासून एक-दीड सेंमीवर आणा, किंवा पाइपला पाण्याच्या जेमतेम खाली बारीक भोक पाडा, म्हणजे पातळी उतरताच हवा ओढली जाऊन उलटा प्रवाह तुटेल. भोक दर आठवड्याला टूथब्रशने साफ करा. मग समोर उभं राहून पंपाचा प्लग काढा आणि संप कुठपर्यंत भरतो तिथे पट्टी चिकटवा. चालू असतानाची पातळी त्या हिशेबाने ठेवा.

धागाकर्ती

आठ दिवसांनी लिहितेय. पंप बसला. बादली पुन्हा धरली: १० लिटरला २४ सेकंद, ताशी १५०० लिटर. गेट व्हॉल्व्ह जवळपास पाऊण वळसा उघडावा लागला, तोवर ओव्हरफ्लो गुरगुरत होता. आता शांत आहे. प्लग काढून पाहिलं, संप काठाच्या खाली सात सेंमीवर थांबला, तिथे निळी पट्टी चिकटवली. पंप पहिल्याच फटक्यात पुन्हा सुरू झाला, तसं चार वेळा करून बघितलं. दोन दिवस मिटून बसलेलं हॅमर आज सकाळी पूर्ण फुललंय.