क्वेसारच्या शेजारी कोण राहते?

ए-३०४ : नमस्कार. आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संस्थेतील व्याख्यान ऐकून आल्यापासून आमची कन्या विचारते आहे की, क्वेसार एवढा तेजस्वी असेल तर त्याच्याभोवती दीर्घिकांची (गॅलेक्सींची) गर्दीही तेवढीच असणार का? सी-६०२ मधील काकांनी कृपया सांगावे.

सी-६०२ : तर्क योग्य आहे. क्वेसार म्हणजे दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवर आणि त्यात पडता पडता तापून प्रखर झालेला वायू. एवढे कृष्णविवर घडायला पुष्कळ द्रव्य एकवटावे लागते आणि द्रव्य जिथे जास्त तिथे दीर्घिकाही जास्त, अशी अपेक्षा असते. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये अशी एक वस्ती दाखवलीही : विश्व जेमतेम ८३ कोटी वर्षांचे असतानाच्या एका क्वेसारपाशी १० दीर्घिकांची, सुमारे ३० लाख प्रकाशवर्षे लांबीची रांग. मात्र २०२४ मध्ये त्याच दुर्बिणीने अभ्यासलेल्या पाच प्राचीन क्वेसारांपैकी काहींभोवती दाट वस्ती निघाली, तर काहींभोवती अगदी मोजक्या दीर्घिका.

बी-१०१ : पण असे प्राचीन क्वेसार म्हणजे फार दूरचे आणि क्वेसार इतके दूर आहेत यावरच खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचा आक्षेप होता ना? खगोलशास्त्रज्ञ हॉल्टन अर्प यांनी जवळच्या दीर्घिकांलगत क्वेसार दाखवले होते, म्हणजे क्वेसारही जवळच असावेत असे त्यांचे म्हणणे होते, आणि १९९० मध्ये या दोघांनी हॉईल, बर्बिज व विक्रमसिंघे यांच्यासह ‘नेचर’मध्ये पर्यायी मांडणी केली होती.

सी-६०२ : होय आजोबा, आणि तो आक्षेप पुराव्यानेच तपासायला हवा होता. पासपोर्टसाठी पत्त्याची खातरजमा करताना पोलीस शेजाऱ्यांना विचारतात, तसेच येथे झाले. खगोलशास्त्रज्ञ ॲलन स्टॉकटन यांनी १९७८ मध्ये क्वेसारांच्या आसपासच्या अंधुक दीर्घिकांचे वर्णपट घेतले, तेव्हा त्यांतील अनेकींचा रेडशिफ्ट (प्रकाशाचे तांबड्या रंगाकडे सरकणे; दीर्घिकांचे अंतर त्यावरून काढतात) क्वेसारशी जुळला. म्हणजे त्या खरोखर शेजारी होत्या आणि क्वेसारही त्यांच्याइतकाच दूर होता. अर्प यांची प्रसिद्ध जोडी म्हणजे एनजीसी ४३१९ ही दीर्घिका आणि मार्केरियन २०५ हा क्वेसार. हबल दुर्बिणीला या क्वेसारच्या प्रकाशात त्या दीर्घिकेतील वायूच्या शोषणरेषा (वायूने प्रकाश शोषल्याने वर्णपटात पडणाऱ्या काळ्या रेषा) आढळल्या. प्रकाश त्या वायूतून पार होऊन आला, तेव्हा क्वेसार मागेच असला पाहिजे. माझ्या मते दूर अंतराच्या बाजूने पारडे स्पष्टपणे झुकलेले आहे.

ए-३०४ : कन्येचा पुढचा प्रश्न : शेजार विरळ असेल, तर कृष्णविवराला एवढे द्रव्य मिळाले कोठून?

सी-६०२ : याचे उत्तर अद्याप कोणाकडेच नाही. कदाचित शेजार दिसतो तितका विरळ नसेल, कारण २०२४ च्या त्या पाहणीत वर्णपटात ऑक्सिजनच्या ठळक रेषा असलेल्या दीर्घिकाच हाती लागतात आणि धुळीने झाकलेल्या निसटू शकतात. तसे नसेल, तर कृष्णविवरे इतक्या लवकर कशी वाढली याविषयीच्या आपल्या कल्पनाच बदलाव्या लागतील.