चिकन सँडविच का पेपरोनी, प्रोटीन कशात जास्त? पैज लागलीय, मिटवा

पेठेतला_फॉरवर्ड
मंडळी एक वाद मिटवा. आमच्या फुटबॉलच्या ग्रुपातला एकजण मार्टातनं पेपरोनीचं (पिझ्झावर चकत्या टाकत्यात ते वाळवलेलं मसालेदार मांस) पाकीट घेऊन आलाय आणि मागचं लेबल नाकासमोर धरून म्हणालाय, बघ १०० ग्रॅमला २० ग्रॅम प्रोटीन, आणि तू प्रॅक्टिस झाली की राजारामपुरीत जाऊन जे चिकन मेयो ग्रील सँडविच हाणतोस त्यात १०० ग्रॅमला ११-१२ सुद्धा बसत न्हाई, म्हणजे तू चिकनच्या नावाखाली ब्रेड खाऊन येतोस. आता हिशोब बघितला तर गडी खोटं बोलत न्हाई पण मला काय ते पटंना. सीझन तोंडावर आलाय, वजन माझं ६८ किलो, पोट सुटू द्यायचं न्हाई आणि अंगात ताकद पायजे. सकाळी शिरोली एमआयडीसीत ड्युटी, संध्याकाळी ग्राउंड, त्यामुळं घरी बसून काय बनवत बसायला वेळ न्हाई. कोण बरोबर ते सांगा, हरणाऱ्यानं सगळ्यांना मिसळ द्यायची ठरलीय. आणि हो, पेपरोनी डुकराची असती का? आमच्यात आईला कळलं तर पाकिटासकट मला बाहेर काढंल.

तालमीतला_जुना
मर्दा कोल्हापुरात जन्मून पेपरोनीवर पैज लावालाईस. गंगावेशीत जा, म्हशीची धार समोर काढून देत्यात, ग्लासभर दूध पी, वर चार उकडलेली अंडी खा आणि गप झोप. चार अंड्यात २४-२५ ग्रॅम प्रोटीन, लेबल वाचायला नको न् पैज लावायला नको.

डाएटवाली_ताई
जुन्या दादांचं अंड्याचं गणित बरोबर आहे 😄 पण प्रश्नाचं उत्तर राहिलं.

फॉरवर्ड, तुझा मित्र लेबल बरोबर वाचतोय पण १०० ग्रॅमला १०० ग्रॅम लावतोय, गोम तिथंच आहे. अख्खं सँडविच १७५-१८० ग्रॅमचं असतं आणि तू ते अख्खं खातोस. पेपरोनी १०० ग्रॅम कोण खातं? त्याचे ते पातळ चकत्यांचे तुकडे असतात ना, तसे चौदा-पंधरा घेतले की २८-३० ग्रॅम होतात. तेवढ्यात प्रोटीन किती, तर सहा ग्रॅम, म्हणजे एका अंड्याएवढं. आणि त्या सहा ग्रॅमसोबत १३ ग्रॅमच्या आसपास फॅट येतंय, कॅलरी १५०.

आता उलटं करून बघ. समज तुला पेपरोनीतनंच ३० ग्रॅम प्रोटीन काढायचंय, तर १५० ग्रॅम खावी लागेल. कॅलरी साडेसातशेच्या घरात, फॅट ६५ ग्रॅमच्या पुढं, आणि सोडियम २४०० मिलिग्रॅमच्या आसपास. दिवसभरात मिळून २००० च्या आत ठेवा असं डब्ल्यूएचओ सांगतंय, ते एका बैठकीतच पार झालं. हेच ३० ग्रॅम प्रोटीन शिजवलेल्या चिकन ब्रेस्टच्या १०० ग्रॅममध्ये मिळतंय, कॅलरी १६५, फॅट साडेतीन-चार ग्रॅम. म्हणून माझ्याकडं कोणी डाएट विचारायला आलं की मी प्रोटीन किती हे नंतर बघते, आधी त्या प्रोटीनसोबत काय काय गळ्यात पडतंय ते बघते. पेपरोनीतल्या कॅलरीपैकी ८० टक्के फॅटच्या असतात, चिकन ब्रेस्टमधल्या ७५ टक्के प्रोटीनच्या. (हे सगळे आकडे मूळच्या पोर्क-बीफ पेपरोनीचे आहेत, आपल्याकडं मिळणाऱ्या पाकिटावर थोडे इकडं तिकडं दिसतील.)

पण एक, तू जिंकलास असं लगेच समजू नको. तू चिकन ब्रेस्ट खात नाहीस, मेयो ग्रील खातोस. त्यात चिकन किती पडतंय ते सँडविचवाल्यालाच विचारायला पाहिजे.

रंकाळा_ग्रील
विचारा की, मीच सांगतो. माझी गाडी हाय, नाव घेत न्हाई, पण धंद्यात सगळीकडं हेच चालतंय. चिकन उकडून हातानं तोडायचं, पातेल्यात मेयोनीज, मिरपूड, थोडा कांदा न् ढबू मिरची घालून कालवायचं आणि मग चमच्यानं मोठ्ठे दोन गोळे ब्रेडवर पसरायचे. गिऱ्हाइकाला भरगच्च दिसतंय पण त्या दोन गोळ्यात चिकन निव्वळ ४० ग्रॅमच्या आसपास, बाकी मेयो. मेयो जास्त घातलं की मिश्रण फुलतंय आणि चिकन कमी लागतंय, सरळ हिशोब हाय. मग ब्रेडला आतनं बटर, ग्रीलरवर ठेवताना बाहेरनं बटर, आणि चीज सांगितलं तर वरनं एक स्लाइस. कुणी "मेयो कमी, चिकन जास्त" म्हणालं तर मी देतो, पैसे वाढवून घेतो, पण म्हणणारं गिऱ्हाईक महिन्यात एखादं येतंय.

डाएटवाली_ताई
दादा, खरं सांगितलंत त्याबद्दल आभार, आता बेरीज करता येते. दोन मोठ्या स्लाइस ६० ग्रॅम धरू, १६० कॅलरी न् ५ ग्रॅम प्रोटीन. चिकन ४० ग्रॅम म्हणजे ६५ कॅलरी, १२ ग्रॅम प्रोटीन. मेयो दोन मोठे चमचे, इथं खड्डा, २०० कॅलरी आणि प्रोटीन जवळजवळ शून्य. बटर १० ग्रॅम, ७० कॅलरी. चीज स्लाइस ६० कॅलरी, ४ ग्रॅम प्रोटीन. झाले साडेपाचशे कॅलरी आणि २१ ग्रॅम प्रोटीन. सँडविचमधली निम्मी कॅलरी मेयो आणि बटरची, चिकन बिचारं एका कोपऱ्यात.

तेच घरी केलंस तर, चिकन ८० ग्रॅम, मेयोऐवजी फडक्यात बांधून पाणी काढलेलं दही, त्यात हिरवी चटणी, मिरपूड, बटर नाही, तवा नुसता तापवून ब्रेड भाजायचा. ३१०-३२० कॅलरी आणि प्रोटीन ३० ग्रॅम. नाव तेच, चिकन सँडविच. त्यामुळं "चिकन सँडविच चांगलं का पेपरोनी" याचं उत्तर देताना मी आधी कुठलं सँडविच ते विचारणार. तळलेल्या चिकनचं बर्गरछाप सँडविच असेल तर ते मीठ आणि कॅलरीत आणखी वर जातं.

साधारण माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन आपल्या आयसीएमआरनं (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) सांगितलंय, तुझ्या वजनाला ५६ ग्रॅम. खेळतोस म्हणून ८०-१०० पर्यंत जा, त्यापुढं उगीच पावडरीच्या मागं लागू नको.

पेठेतला_फॉरवर्ड
आयला म्हणजे मी इतके दिवस मेयो खायाला जात होतो व्हय 😭 आता तो म्हणालाय की त्याचं पाकीट चिकन पेपरोनीचं हाय, डुकराचं न्हाई, त्यामुळं तुमचा फॅटचा हिशोब लागू न्हाई.

पॅकिंग_विभाग
मी फूड प्रोसेसिंगमध्ये काम करतो, मांसाच्या कंपनीत नाही, पण लेबलं बघण्यात आयुष्य चाललंय म्हणून लिहितो.

मूळ पेपरोनी ही अमेरिकेत इटालियन लोकांनी सुरू केलेली, डुकराचं किंवा डुक्कर आणि बीफ मिळून केलेली. मांस आणि चरबी बारीक करून मीठ, पॅप्रिका, लसूण, बडीशेप वगैरे घालतात, थोडं आंबवतात आणि मग टांगून वाळवतात. वाळताना पाणी उडून जातं, चरबी आणि मीठ कुठं जाणार, ते तिथंच राहतं, म्हणून १०० ग्रॅममधला प्रत्येक आकडा मोठा दिसतो, प्रोटीनचा पण. तुझ्या दोस्ताचे २० ग्रॅम त्यातलेच. उकडलेल्या चिकनमध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं, तरी ते पुढं जातंय, आता बोला. पिझ्झा भट्टीतनं आला की त्या चकत्या वाटीसारख्या वळतात आणि मधे लाल तेल साचतं बघा, ती सगळी तिची स्वतःची चरबी, रंग पॅप्रिकाचा.

चिकन पेपरोनीत फॅट बरंच कमी असतं हे मान्य, तेवढा मुद्दा त्याचा. पण पाकीट उलटं कर आणि दोन गोष्टी वाच. एक, सोडियम. लेबलवर मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे १६०० मिलिग्रॅम लिहिलंय तर ४ ग्रॅम मीठ. चिकनची आहे म्हणून मीठ कमी असेल असं धरून चालू नका. दुसरी गोष्ट, घटकांच्या यादीत आयएनएस २५० दिसतंय का बघ, ते सोडियम नायट्राइट. ते काही लबाडी करून घातलेलं नसतं, त्याच्यामुळं बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढत नाहीत आणि मांस गुलाबी राहतं. पण २०१५ साली डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं असं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो याचा पक्का पुरावा असलेल्या गोष्टींत टाकलं, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यांचं म्हणणं. त्याच गटात तंबाखू आहे म्हणून लगेच "पेपरोनी म्हणजे गुटखा" असा फॉरवर्ड फिरवू नका, गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. महिन्यातनं एकदा पिझ्झावर खाल्ली तर जग बुडत नाही.

आणि आईचा प्रश्न: पाकिटावर कुठलं मांस ते लिहिलेलंच असतं, नुसतं पुढचं चित्र बघून घेऊ नका.

बीपीवाले_काका
मिठाचं बोललात ते बरं केलंत. मला डॉक्टरांनी मीठ कमी सांगितल्यापासून मी घरातलं लोणचं, पापड बंद केलं आणि नातवाच्या पिझ्झ्याचा तुकडा मात्र बिनधास्त खात होतो, गोड वाटतो, खारट लागतच नाही! मोठ्या १४ इंची पेपरोनी पिझ्झाच्या एका तुकड्यात सातशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं म्हणे. ताई, ब्रेडमध्ये पण असतं का हो?

डाएटवाली_ताई
असतं काका, दोन स्लाइसमध्ये तीनशेच्या आसपास, आणि चीज स्लाइसमध्ये एकीतच अडीचशे. आणि तुमचा पिझ्झाचा आकडा "म्हणे" नाही, खरा आहे. तुम्ही सँडविच खाल तर चीज काढा आणि चिकन बिनमिठाचं उकडून लिंबू, मिरपूड लावा. शुगर पण असेल तर ब्राउन ब्रेड घेताना गव्हाचं पीठ किती टक्के ते वाचा, कॅरॅमलनं रंगवलेला मैदा पण तपकिरीच दिसतो.

कीटो_कोल्हापुरी
सगळे पेपरोनीच्या मागं लागलेत म्हणून बोलतो. कार्ब १०० ग्रॅमला एक ते चार ग्रॅम, सँडविचमध्ये ब्रेडचेच तीस. बी-१२ आहे, झिंक आहे. ब्रेड बंद केलेल्या माणसाला दोन-चार चकत्या अंड्यासोबत चालतात. आणि रविवारी मटण ताटाबरोबर तांबड्याच्या सहा वाट्या ओढणाऱ्यांनी फॅटवर कुणाला शिकवू नये 😂

तालमीतला_जुना
तांबडा मधी आणू नको.

पेठेतला_फॉरवर्ड
ठरलं मग. प्रोटीनला आणि कॅलरीला घरचं सँडविच पहिलं, गाडीवरचं आणि पेपरोनी कॅलरीमागं प्रोटीनला जवळजवळ सारखंच. कीटोवाल्या भावाचा कार्बचा मुद्दा लिहून ठेवलाय पण मी ९० मिनिटं पळतोय, मला ब्रेड पायजे. फक्त एक सांगा, सकाळी करून डब्यात नेलं तर संध्याकाळी पाचपर्यंत टिकंल का? शेडमधी लई उकाडा असतोय.

डाएटवाली_ताई
नको. शिजवलेलं चिकन आणि दही दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, आणि उकाड्यात तर तासाभराच्या वर नाही. कंपनीत फ्रीज असेल तर त्यात ठेव, नसेल तर रविवारी चिकन उकडून तोडून छोट्या डब्यांत फ्रीजरला टाक, रात्री एक डबा खाली फ्रीजमध्ये काढून ठेवायचा, ग्राउंडवरनं घरी आलास की ब्रेडमध्ये भरायला पाच मिनिटं. ग्राउंडला जाताना केळं आणि शेंगदाणे ने.

रंकाळा_ग्रील
न्हाईतर माझ्याकडं ये, ऐंशी ग्रॅम चिकन काट्यावर मोजून घालतो, मेयो बंद, चटणी घरची. पाकिटाच्या पैशात अर्धा किलो बोनलेस सहज येतंय हे पण तुझ्या दोस्ताला सांग.

पेठेतला_फॉरवर्ड
सांगितलं. तो म्हणालाय गाडीवरच्या सँडविचात चीज आणि मेयो धरून निकाल अर्धा-अर्धा, त्यामुळं मिसळ टीटीएमएम. ग्रुपात मतदान लावलंय, रात्री कळवतो.

तालमीतला_जुना
मिसळीचे किती ग्रॅम प्रोटीन ते पण विचारून घे ताईंना, कट पिताना.