दोरी सोडल्यावर स्नायूत काय घडते

निफाडकडच्या द्राक्षबागेत सर्पदंशानंतर मजुराच्या पोटरीला करकचून बांधलेली सुतळी सोडली की स्नायू पूर्ववत होतो, असे एका चर्चेत म्हटले होते; पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. त्यात थोडी भर घालतो.

विश्रांत स्नायुपेशीत मुक्त कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे १०,००० पट कमी असते. ही तफावत राखण्यात मोठा वाटा सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या (स्नायुपेशीतील कॅल्शियमच्या साठ्याच्या) पटलातील पंपाचा असतो, जो एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून कॅल्शियम पुन्हा साठ्यात भरतो. सुतळीने रक्त थांबले की आधी क्रिएटिन फॉस्फेट (एटीपी पुन्हा भरून काढणारा राखीव साठा) संपत जाते, मग एटीपी घटते आणि हा पंप मंदावतो. सोडियम बाहेर फेकणारा पंपही ढिला पडल्याने आत सोडियम साचते, आणि एरवी कॅल्शियम बाहेर काढणारी सोडियम-कॅल्शियम अदलाबदल उलटी फिरून कॅल्शियम आत आणू लागते.

खरी मेख पुढे आहे. रक्त परतताच पेशीबाहेरची आम्लता झटकन धुतली जाते, आतले प्रोटॉन (आम्लता आणणारे कण) बाहेर टाकण्याच्या बदल्यात आणखी सोडियम शिरते आणि त्यामागोमाग त्याच उलट्या अदलाबदलीतून कॅल्शियम. त्याच वेळी ऑक्सिजनचे मुक्त कण रायनोडिन ग्राहींना (साठ्यातून कॅल्शियम सोडणाऱ्या दारांना) इजा करतात व साठ्यातूनही गळती होते. वाढलेले कॅल्शियम कॅल्पेन विकरांना जागे करते, ती तंतूंची प्रथिने कापतात; मायटोकाँड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रे) फुगतात. पेशीचे पटल फाटल्यास पोटॅशियम आणि मायोग्लोबिन (स्नायूतील ऑक्सिजन धरणारे प्रथिन) रक्तात उतरून हृदय व मूत्रपिंड दोन्ही धोक्यात येतात.

म्हणून सर्पदंशात मुळात आवळपट्टी (रक्त थांबवणारी अशी घट्ट दोरी) बांधूच नये, आणि कोणी बांधलीच असेल तर ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.