बोकडाच्या हृदयात पाणीदार गाठी, शेळ्यांना रक्त कमी: दोन्हीला पट्टकृमीच कारण का?

प्रश्न (शेळीपालक, पारोळा)
करडांच्या लेंड्यांत शिजलेल्या भातासारखे पांढरे तुकडे पडतायत. मोठ्या शेळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या झाल्यात. त्यातच एक बोकड कापला तर हृदयाच्या मांसात मुगाएवढ्या पाणीदार गाठी निघाल्या. लेंडीतलाच जंत रक्त पिऊन वर चढला का? औषध कोणतं पाजू?

पशुवैद्यक, धुळे
भाऊ, हे तीन वेगळे जंत दिसतात. एका औषधात उरकू नका.
भातासारखे तुकडे मोनिझियाचे, म्हणजे फितीसारख्या चपट्या पट्टकृमीचे. हा लहान आतड्यातच राहतो. त्याला तोंड नसतं, पचलेला रस अंगानं शोषतो, रक्त पीत नाही. करडांना वजन करून फेनबेंडाझोल, किलोमागे १० मिलिग्रॅम.
पापण्या पांढऱ्या करणारा बहुधा हिमोंकस, चौथ्या पोटातला गोलकृमी. एका जंतामागे दिवसाला सुमारे ०.०५ मिलि रक्त जातं, म्हणजे हजार जंतांमागे ५० मिलि. आधी लेंडी तपासून घ्या आणि रक्ताचं पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत ते) काढा. शेळीत ते २२ ते ३८ टक्के असतं. १५ च्या खाली असेल तर तिला लांब चरायला हाकू नका, गोठ्यातच चारा द्या.

पशुवैद्यक, जळगाव
हृदयातल्या गाठींचं मूळ कुत्र्यात आहे. टीनिया ओव्हिस हा कुत्र्याचा पट्टकृमी. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर येतात. शेळीच्या पोटात अंड्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि हृदय, श्वासपटल, जबड्याचे स्नायू इथं जाऊन बसते. अळीचा प्रवास चालू असताना रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. गाठीभोवती सूज येते, मग तंतू तयार होतात, शेवटी चुना धरून कडक खडा बनतो. तोवर रक्ताचा रिपोर्ट साफ येऊ शकतो आणि जनावर धडधाकट दिसतं. गाठी फार असतील तरच हृदय थकतं. बसलेल्या गाठींवर शेळीला खात्रीचा इलाज नाही.
गाठीत एकच पांढरा ठिपका असेल तर ती टीनिया ओव्हिसची, माणसाला होत नाही. जाड पांढरं आवरण आणि आत वाळूसारखे कण असतील तर हायडॅटिड, म्हणजे कुत्र्याच्याच दुसऱ्या पट्टकृमीची गाठ समजा. ती जास्त करून काळजात (यकृतात) आणि फुफ्फुसात असते, हृदयात क्वचित. ती माणसालाही होते, पण मांसातून नव्हे, कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हाताला किंवा भाजीला लागून पोटात गेल्यानं. माणसाच्या हृदयातली अशी गाठ फुटली तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते.

प्रश्नकर्ता
कापल्यावर उरलेलं आम्ही कुत्र्यांनाच टाकतो. शेजारच्या केळीच्या बागेत मेंढपाळांची कुत्रीही फिरतात.

पशुवैद्यक, जळगाव
टाकणं आजच बंद करा, कच्च्या गाठी खाऊनच कुत्र्याला हे पट्टकृमी होतात. काळीज, फुफ्फुस, हृदय अर्धा तास खदखदून उकळा, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतकं खोल पुरा. कुत्र्यांना प्राझिक्वांटेल किलोमागे ५ मिलिग्रॅम, दर सहा आठवड्यांनी. डोसनंतर दोन-तीन दिवस बांधून ठेवा आणि विष्ठा पुरून टाका, कारण हे औषध जंत मारतं, अंडी नाही. फिनाईलनंही अंडी मरत नाहीत. मे महिन्यात उघड्या वावरात ती सुकून मरतात, पण ठिबकच्या ओलीत, केळीच्या सावलीत टिकतात. बागेतलं तण करडांना घालू नका. वावरात मेंढ्या बसवल्या असतील तर मेंढपाळदादांशी बोलून त्यांच्या कुत्र्यांनाही त्याच दिवशी डोस द्या.