मदत हवी आहे: पावसावरून तालुक्यांचे गट पाडताना क्लस्टर किती धरायचे?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या प्रोजेक्टसाठी महाराष्ट्रातल्या तालुक्यांचे गट पाडतेय. प्रत्येक तालुक्याचा बारा महिन्यांचा सरासरी पाऊस मिलिमीटरमध्ये घेतला आणि के-मीन्स (सांगू तितके मध्यबिंदू धरून, जवळच्या बिंदूप्रमाणे गट पाडणारी पद्धत) चालवलं. जिल्हे मुद्दाम घेतले नाहीत. एकट्या साताऱ्यात महाबळेश्वरही आहे आणि माणही, त्यांची सरासरी कुणाच्याच कामाची नाही.

एल्बोच्या आलेखात (गट वाढवले की गटाच्या आतला फरक किती घटतो ते दाखवणारा; घट जिथे एकदम मंदावते ते कोपर) कोपर सापडतच नाही, रेघ घसरगुंडीसारखी उतरत जाते. सिल्हूट (गट एकमेकांपासून किती वेगळे पडले याचा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) सांगतं २: कोकण-घाटमाथा एक, बाकी सगळा महाराष्ट्र दुसरा. हवामान खात्याचे उपविभाग ४ (त्यातल्या कोकणात गोवाही येतो), कृषी-हवामान विभाग ९. सर म्हणतात, सिल्हूट सर्वांत जास्त तोच आकडा घे.

मन मानेना, म्हणून आयरिसवर (फुलांच्या मापांचा, सरावासाठी वापरतात तो प्रसिद्ध डेटा) करून बघितलं. १५० फुलं, ३ जाती, उत्तर आधीच माहीत. तरी सिल्हूट २ गटांना ०.६८ आणि ३ गटांना ०.५५! व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या दोन जाती एकमेकींत मिसळलेल्या, त्यामुळे सेटोसा तेवढी वेगळी पडते. मग सिल्हूटवर विसंबायचं किती? आणि ४ धरले तर परीक्षक म्हणतील, आधीच ठरवून आलात. काय करू?

प्रतिसाद १:
सिल्हूट चुकलेलं नाही. सर्वांत मोठी फट कुठे आहे ते त्यानं सांगितलं, आणि ती सह्याद्रीच आहे. पण कच्चे मिलिमीटर दिलेत तर कोकणातला जुलै बाकी सगळ्याला गिळतो. प्रत्येक महिन्याचा पाऊस वर्षाच्या टक्केवारीत करा. सोलापूर-सांगलीकडे सप्टेंबरचा जोर असतो, तो तेव्हा दिसेल. ४ हाही आदर्श धरू नका, ते उपविभाग जिल्ह्यांच्या हद्दीवरून आखलेत. तुमचे महाबळेश्वर आणि माण दोन्ही मध्य महाराष्ट्रातच येतात! २ ते ९ पर्यंत प्रत्येक आकड्याला थोडे तालुके वगळून पुन्हा पुन्हा गट पाडा, सुरुवातीचे बिंदू निदान २५ वेळा बदला. कुठले गट टिकतात ते बघा.

धागाकर्ती:
टक्केवारीचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. पण मग एकूण पाऊस किती हे हरवतं ना? तो तेरावा स्तंभ म्हणून ठेवला, तर त्याला वजन किती द्यायचं?