आयातशुल्क नक्की कोणाच्या खिशातून जातं?

खतावणी
अमेरिकेने शुल्क वाढवलं की 'अमुक देशाला इतक्या अब्जांचा दणका' असा मथळा ठरलेला. अहो, चलान त्या देशाच्या नावाने फाटतच नाही. माल बंदरातून सुटला की अमेरिकेतला आयातदार कामकाजाच्या १० दिवसांत विवरण आणि पैसे भरतो. म्हणजे हा स्वतःच्याच गिऱ्हाइकावर लावलेला कर आहे. दणकाबिणका सगळा मथळ्यापुरता.

बंदरवारा
अर्धाच सहमत. चलान कोणाच्या नावाचं आणि भार कोणावर, हे दोन वेगळे प्रश्न. पैसे भरून झाले की आयातदार पुरवठादाराच्या मागे लागतो : भाव ८ टक्के उतरवा, नाहीतर पुढची ऑर्डर दुसऱ्या देशात. कपडे, चपला, प्लॅस्टिकच्या वस्तू यांत हे चालतं, कारण तोच माल देणारे दहा जण रांगेत असतात. खास साच्यातला यंत्रभाग असेल, नव्या पुरवठादाराचे नमुने तपासून मंजूर करण्यातच महिने जाणार असतील, तर मान आयातदाराची अडकते. सरसकट उत्तर नाही.

खतावणी
मग २०१८ ची वॉशिंग मशीन घ्या. पहिल्या वर्षी १२ लाख नगांपर्यंत २० टक्के, त्यापुढच्या नगांवर ५० टक्के शुल्क. मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागली. गंमत म्हणजे कपडे वाळवायच्या ड्रायरवर हे शुल्क नव्हतंच, तरी तोही जवळपास तेवढाच महागला! दोन्ही जोडीने विकले जातात, त्यामुळे वाढ दोघांवर वाटली गेली. निर्यातदाराने सोसलं ते कुठे दिसलं?

लोहारभाता
फक्त गिऱ्हाइकाची पावती बघायची असेल तर तुमचं बरोबर. पण त्याच काळात सॅमसंगने साउथ कॅरोलायनात आणि एलजीने टेनेसीत मशीनचे कारखाने उभारले. कारखाना गेला की साचे करणारा, पत्रा दाबणारा, दुरुस्तीवाला सगळेच पांगतात, आणि ते पुन्हा जमवायला एक पिढी जाते. स्वस्त मशीनच्या हिशेबात ही रक्कम कुठल्या रकान्यात धरलीत?

खतावणी
कारखान्यांच्या दोन्ही घोषणा २०१७ च्या. शुल्क त्यानंतरचं.

लोहारभाता
वॉशिंग मशीनवर अँटी-डम्पिंगची, म्हणजे परदेशी माल अवाजवी स्वस्तात ओतल्याची, प्रकरणं त्याआधीपासून चालू होती. वारं कुठे वाहतंय हे कंपन्यांना कळत नव्हतं असं म्हणायचंय का?

खतावणी
कळत होतं, मान्य. अभ्यासकांनी ते रोजगारही धरले : साधारण १,८०० नोकऱ्या, आणि गिऱ्हाइकांवर वर्षाला दीड अब्ज डॉलरचा बोजा. एका नोकरीमागे आठ लाख डॉलरच्या वर. त्या रकमेत साचेवाल्यांना घरबसल्या पगार देता आला असता.

आकडेमोड
समजा शुल्क २५ टक्के आहे. म्हणून दुकानातला भावही २५ टक्केच चढेल असं नाही. आयात किंमत १० डॉलर, दुकानात ३० डॉलर अशी वस्तू घ्या. शुल्क अडीच डॉलर. दुकानदाराने तेवढेच वर चढवले तर भाव साडेबत्तीस, वाढ ८ टक्क्यांच्या आसपास. पण तो 'खरेदीच्या तिप्पट' या हिशेबाने भाव लावत असेल तर साडेसदतीस. उरलेले पाच डॉलर शुल्काचे नव्हेत, दुकानदाराच्या सवयीचे.

वर पळवाटा आहेतच. मधला व्यापारी कारखान्याकडून ६ ला घेऊन आयातदाराला १० ला देत असेल, तर पहिल्या विक्रीवर, म्हणजे ६ वर शुल्क भरता येतं. मात्र माल पहिल्यापासून अमेरिकेसाठीच निघाला होता आणि दोन्ही सौदे खरे होते, याचे कागद लागतात. तेच नसतात, तिथेच प्रकरण अडकतं. फोर्डने ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या सीटा लावून 'प्रवासी गाडी' म्हणून अडीच टक्क्यांत आणली आणि उतरवल्यावर सीटा काढल्या. मालवाहू गाडीचं शुल्क २५ टक्के. २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर देऊन मिटवावं लागलं.

बंदरवारा
खतावणीशेठ, चलानाबद्दल एक दुरुस्ती. करारात 'डीडीपी' (शुल्क भरून माल पोचवणं) ही अट असेल तर शुल्क विक्रेत्याच्या गळ्यात. परदेशी कंपनीही अमेरिकेत बॉण्ड (शुल्क बुडणार नाही याची हमी) भरून आणि स्थानिक प्रतिनिधी नेमून आयातदार होऊ शकते. फक्त बीजकात शुल्क आणि जहाजभाडं वेगळं दाखवायला हवं. सगळं एकाच आकड्यात कोंबलं तर शुल्कावरही शुल्क बसतं.