मदत हवी आहे: तीस वर्षांनी पुन्हा डंजन्स अँड ड्रॅगन्स, पण नियम जुने की नवे?

नमस्कार मंडळी,

नववी ते बारावी आम्ही चौघं दर सुट्टीत डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत साहसाची गोष्ट रंगवायचा खेळ) खेळत पडीक असायचो. १९८९ची दुसरी आवृत्ती. मग सगळं थांबलं. गेल्या महिन्यात माळ्यावरून खोकं काढलं. पुस्तकं धड आहेत. वीस बाजूंचा फासा झिजून गोटीसारखा झालाय, टाकला की थांबायचं नाव घेत नाही. आणि माझ्या योद्ध्याची कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद! हिट पॉइंट्सच्या (पात्रात किती जीव उरलाय त्या आकड्याच्या) चौकटीत खोडून खोडून कागदाला आरपार भोक पडलंय.

जुन्यांपैकी दोघं लगेच तयार झाले. शिवाय माझी बायको आणि मित्राची चौदा वर्षांची मुलगी, दोघी अगदी नवख्या. डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, अर्थातच मी.

मुलीने हौसेने जादूगारीण घेतली. चार बाजूंचा फासा टाकला, हिट पॉइंट्स मिळाले दोन. दिवसाला एकच मंत्र, तो पहिल्याच दाराशी संपला. पुढच्या खोलीत गॉब्लिनचा (छोट्या राक्षसाचा) एक वार आणि खेळ खलास, कारण शून्याला मरण. जेमतेम वीस मिनिटं झाली होती. "मग मी आता काय करू?" असं तिने विचारलं, तर आम्ही तिघे बाप्ये पुस्तकात तोंड खुपसून बसलो.

बायकोचं घोडं थॅकोवर अडलं, म्हणजे आर्मर क्लास (चिलखताचा आकडा) शून्य असलेल्या शत्रूला वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर किती पडावे लागतात त्या आकड्यावर. तिचा थॅको २०, गॉब्लिनचा आर्मर क्लास ६, वजा केले की १४ किंवा जास्त पडायला हवेत, हे मी झोपेतही सांगेन. पण चिलखत जितकं भारी तितका आकडा कमी, हे तिला पटेचना. खरं सांगायचं तर मलाही ते कधी पटलं नव्हतं, नुसतं पाठ होतं.

२०१४ची पाचवी आवृत्ती चाळली. तिथे जादूगाराला कॅन्ट्रिप्स (साधे छोटे मंत्र) हव्या तितक्या वेळा वापरता येतात, आणि शून्यावर गेलात तरी तीन डेथ सेव्ह (जीव वाचवायला टाकायचे फासे) हुकेपर्यंत आशा असते. नवख्यांना हेच बरं, कळतं मला. पण दार उघडताना पोटात जो गोळा यायचा तो यात येईल का? दोन्हींची मिसळ कुणी करून पाहिली आहे का? शनिवारी पुन्हा बसतोय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आवृत्ती बदलू नका, आकडे उलटे करा. २० मधून आर्मर क्लास वजा केला की गॉब्लिन १४. २० मधून थॅको वजा केला की वहिनींचा बोनस शून्य. फासा अधिक बोनस १४ झाले की वार लागला. शक्यता तसूभरही बदलत नाही. तिसऱ्या आवृत्तीने २००० साली चढता आर्मर क्लास आणला तो असाच.

जादूगारिणीला पहिल्या लेव्हलला फासा न टाकता सरळ चार पॉइंट्स द्या. आणि शून्याला मरण कशाला? तुमच्याच डंजन मास्टर्स गाइडमध्ये ऐच्छिक नियम आहे: शून्याला बेशुद्ध, मग दर फेरीला एक पॉइंट कमी, उणे दहाला मृत्यू. तोवर कुणी जखम बांधली तर वाचते. पोटात गोळा हवाय ना? ती फेऱ्या मोजताना इतरांचे चेहरे बघा.

धागाकर्ता

आभार! तो नियम शोधून काढला. शेजारी समासात पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात लिहिलंय: "भित्र्यांसाठी."

खोडरबर शोधतोय.